कोडाचं गाऱ्हाणं

सत्यवतीच्या हातांवर पांढरे डाग उठले, आणि ते बघून डॉक्टरीण इतकी खूश झाली की नाचायचीच तेवढी बाकी राहिली.

“दुसरा हात बघू. दोन्हीकडे? अगदी सारखे? वा वा, फारच छान!”

सत्यवतीने नवऱ्याकडे बघितलं. कृष्णनाथने डॉक्टरणीकडे बघितलं. घरात मुलीची सोयरीक जुळत आलेली, डिचोलीहून मुलाची आई दोनेक महिन्यांत घर बघायला यायची, आणि ही बया कोडाला वा वा म्हणते! बाईच्या अंगावर कोड उठलं की शेजारीण तिच्या हातचं हळदीकुंकू घेतानासुद्धा दहादा विचार करते, हे हिला कोणी सांगायचं? बरं, डॉक्टर रेश्मा काही परमुलखातली नव्हे, वाळपईची पोर. पण जास्त शिकलं की माणसाला जवळचं दिसेनासं होतं, असं सत्यवतीचं जुनं मत होतं. त्या दिवशी ते पक्कं झालं.

मुळात सत्यवती कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हेच. गोव्यात, धारगळला हायवेच्या कडेला कृष्णनाथचं काजूंचं दुकान. पर्यटक गाडी थांबवायचे, भाव करायचे, आणि दुकानात सत्यवती असली तर भाव न करताच काजू घेऊन जायचे. एकदा रस्त्याच्या कंत्राटदाराने दुकानासमोर खडीचा ढीग ओतला. सत्यवती त्याच्याशी काय बोलली ते कोणाला नीट ऐकू आलं नाही, पण संध्याकाळपर्यंत खडी उचलली गेली आणि तो माणूस पुन्हा त्या वाटेने आला नाही. अशा बाईला आवरायचा एकच उपाय कृष्णनाथला वर्षानुवर्षांच्या संसारात सापडला होता. ती तोंड उघडायच्या बेतात असली की तो हळूच तिच्या मनगटावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “अगो, मुलीची आई तू.” बस्स. गौरवी जन्मल्यापासून हा मंत्र चालत आलेला. सत्यवतीची जीभ जागच्या जागी बसायची.

दुखणं सुरू झालं ते तळपायाला. परसात अनवाणी फिरताना काटा मोडला असं तिला वाटलं. घरच्या रिवाजाप्रमाणे तिने बिब्बा तापवून लावला. डाग काळा पडला, तर म्हणाली, बिब्ब्याचा आहे. पसरला, तर म्हणाली, बिब्बा जास्त लागला. शेवटी गौरवीने आईला गाडीत कोंबून मोठ्या इस्पितळात नेलं. ती तुयेला औषधांच्या कारखान्यात तपासनीस, तिला बिब्ब्याचं कौतुक नाही. तो काळा डाग म्हणजे चामडीचा कॅन्सर निघाला. पायाचा तुकडा काढला. पण तोवर त्याची पोरंबाळं जांघेत आणि फुप्फुसात बिऱ्हाड करून राहिली होती.

गावात काय सांगायचं? सोयरिकीचं बोलणं तेव्हाच सुरू झालेलं. कृष्णनाथने सांगून टाकलं, “साखर. साखरेमुळे पाय चिघळला.” लोकांना पटलं. साखर हल्ली कोणाला नसते? फक्त त्याची किंमत सत्यवतीला मोजावी लागली. चवथीला पातोळ्या आल्या, जत्रेचं खाजं आलं, आणि सगळ्या वाड्याने तिच्यापुढून ताट उचललं. “तुका नको गो बाये, तुका साखर.” ज्या बाईचा जीव गुळाच्या सारणात, तिने कॅन्सर झाला म्हणून कारल्याचा रस प्यावा! रडावं की हसावं ते तिला कळेना.

तर डॉक्टरीण नाचायची थांबली आणि तिला या दोघांची तोंडं दिसली. मग ती समजावून सांगायला बसली.

“मावशी, आपल्या अंगात राखणीला शिपाई असतात. रक्तातून फिरतात, परकं कोण दिसलं की झोडतात. पण शिपाई भडकला की आपलं-परकं बघत नाही, घरच्यांनाही मारायला लागेल. म्हणून देवाने काय केलंय, शिपायाला एक मनगट दिलंय. घरची पेशी ते मनगट धरते. शांत हो रे बाबा, मी घरचीच. की शिपाई गप्प बसतो. अशी मनगटं त्याला बरीच आहेत, आणि ती हवीतच, नाहीतर माणूस स्वतःच्याच शिपायांच्या हातून मरेल.”

“बरां मग?” सत्यवती म्हणाली.

“तुमचा कॅन्सर बेरकी. त्याने ही खूण शिकून घेतली. शिपाई मारायला आला की हाही पुढे होऊन मनगट धरतो. मी घरचाच, सोयराच तुमचा. शिपाई बसला खाली! अंगात शिपाई नव्हते असं नाही, मावशी. भरपूर होते. पण सगळे हात धरून बसवलेले.”

“मेल्यांनो,” सत्यवती शिपायांना म्हणाली.

“आपण सलाइनमधून देतो ते औषध कॅन्सरला मारत नाही. ते शिपायाच्या मनगटाला हातमोजा घालतं, एवढंच. मग कॅन्सर धरायला गेला तरी शिपायाला ते लागत नाही. तो उठतो आणि झोडतो. आता तुमचा कॅन्सर आला कुठून? चामडीला रंग देणाऱ्या पेशींतून. दोघांची तोंडं सारखी. म्हणून शिपाई त्याला मारता मारता हातावरच्या गरीब रंगाऱ्यांनाही मारताहेत. हे डाग म्हणजे तुमचे शिपाई उठल्याची खूण. सगळ्यांना नाही येत. ज्यांना येतात त्यांचा कॅन्सर बहुतेक करून हटतो. कळलं?”

“म्हणजे चोर सापडलो, आणि चोराच्या तोंडावळ्याचो म्हणून शेजाऱ्याकय बडवलो.”

“अगदी तस्सं!”

“पण शेजाऱ्याक बडवलेला माझ्या हातावर दिसता मगो! माझ्या चेडवाचा लग्न...”

कृष्णनाथचा हात तिच्या मनगटावर आला. “अगो, मुलीची आई तू.” ती गप्प बसली. डॉक्टरीण त्या हाताकडे बघून हसली.

घरी येताना कृष्णनाथला युक्ती सुचली. काजू भाजताना सालीतलं तेल उडतं आणि चामडी भाजते, हे पेडणे तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांचं तर दुकानच काजूंचं. “तेल उडाला,” असं त्याने वाड्यावर सांगितलं, आणि वाड्याने हळहळ करून ते मानलं. शेजारणीने खोबरेल आणून दिलं. कृष्णनाथ स्वतःच्या अकलेवर इतका खूश झाला की रात्री दोन घास जास्त जेवला.

पण शिपायांना काजूचं काय! डाग मनगटावरून कोपराकडे चढले, आणि एका सकाळी सत्यवतीची डावी भुवई टोकाशी पांढरी झाली. शेजारीण जनेलातून डोकावून म्हणाली, “गो सत्यवती, काजूचा तेल भुवयेर कसा उडाला?” सत्यवतीने जनेल लावून घेतलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. कॅन्सर कळला तेव्हा रडली नव्हती. कॅन्सर आत असतो, लोकांच्या डोळ्यांना दिसत नाही. भुवई मात्र दारात उभं राहिलं की सगळ्यांच्या आधी बाहेर जाते.

गौरवीचं म्हणणं सरळ होतं. डिचोलीवाल्यांना खरं सांगून मोकळं व्हा. पण कृष्णनाथने तिला देवाची आण घातली. एकदा सोयरीक मोडली की कारण चार तालुक्यांत फिरतं, मग दुसरं स्थळ विचारायलासुद्धा येत नाही. आणि कोड म्हणजे तर काय, आईच्या हातावर दिसलं की लोक मुलीच्या पाठीवर शोधणार. सत्यवतीला यातलं काही खोटं म्हणता येईना. तिनेच आजवर दुसऱ्यांच्या सोयरिकीत हे असले प्रश्न विचारलेले होते, आणि तेही मोठ्या आवाजात.

शेवटी कृष्णनाथ देवाकडे कौल घ्यायला गेला. पद्धत अशी की गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळ्यांपुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. पण सगळ्यांपुढे मोठ्याने काय सांगायचं, कोड? कृष्णनाथ गुरुदास गुरवाच्या कानाशी लागला, “मनातला काम असा रे, मनातलाच म्हण.” गुरुदासने तसं म्हटलं. उजवी पाकळी पडली. कृष्णनाथ प्रसाद घेऊन जवळजवळ पळतच घरी आला.

“दिलो! देवान होकार दिलो!”

“कशाक?”

“मनात होता तेका.”

“अहो, पण मनात काय होता?”

कृष्णनाथ जरा घुटमळला. “मनात... औषध थोडे दिवस बंद करू काय, असा होता. आणि गौरवीचा लग्न व्यवस्थित होऊ दे, असाय होता. आणि तू बरी हो, ता तर असताच.”

म्हणजे प्रश्न तीन आणि पाकळी एक. देव तरी काय करणार! पण गरजवंताला अक्कल नसते. दोघांनी मिळून ती पाकळी औषध बंद करण्याच्या पदरात टाकली. दर तीन आठवड्यांनी सलाइन असायची. त्या खेपेला सत्यवतीने इस्पितळात फोन करून ताप आहे म्हणून सांगितलं, आणि गौरवीला सांगितलं की इस्पितळानेच तारीख पुढे ढकलली. पुढच्या खेपेलाही ताप आला. खोटा ताप फार आज्ञाधारक असतो, बोलावलं की येतो.

असं नका समजू की सत्यवतीला कळत नव्हतं. सगळं कळत होतं. डोळ्यांपुढे तिला ते शिपाई दिसायचे, एकेक जण हातमोजा काढून खाली बसतोय, आणि तो काळा सोयरा हसत हसत सगळ्यांची मनगटं धरत फिरतोय. पण गौरवी फोनवर परेशशी बोलताना हसायची, ते हसणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं, आणि मग ती स्वतःलाच म्हणायची, अगो, मुलीची आई तू. नवऱ्याने हात ठेवायचीसुद्धा गरज उरली नव्हती.

आणि मंजुळाबाई आल्या. परेशची आई. डिचोलीच्या बाजारात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान, घराला काजूची बाग, बोलणं मापून तोलून. नवरा दुकान टाकून येऊ शकला नाही, म्हणून परेशला घेऊन आल्या. कृष्णनाथ आदल्याच दिवशी म्हापशाला जाऊन अंगाच्या रंगाचं मलम घेऊन आला होता. दुकानातल्या पोरीपुढे स्वतःच्या हाताला लावून बघताना त्याची काय अवस्था झाली असेल ती झाली असेल. सत्यवतीने ते मलम बोटांपासून कोपरापर्यंत चोपडलं, भुवईला काजळ लावलं. आरशात बघितलं तर बरी दिसत होती. आजारी पडायच्या आधीसारखी दिसत होती.

चहा झाला, पोह्यांचे लाडू झाले. लाडू सत्यवतीने केले आणि साखरेमुळे तिने खाल्ले नाहीत. मंजुळाबाईंनी घर बघितलं, विहीर बघितली, मान डोलावली. सगळं तुपासारखं चाललं होतं. कृष्णनाथ पुन्हा पुन्हा मिशीवरून हात फिरवत होता.

निघायच्या वेळी सवाष्णीची ओटी भरायची. मंजुळाबाई पाटावर बसल्या आणि पदर पसरला. सत्यवतीने कुंकू लावलं, नारळ ठेवला, खण ठेवला, आणि तांदळाच्या सुपात हात घातला. धारगळचा उकाडा, त्यात पोटात भीती. हात घामाने ओले झालेले. तिने पहिली ओंजळ घातली, दुसरी घातली. तांदूळ कोरडे, नवे, पांढरेशुभ्र. कोरड्या तांदळाने ओल्या हाताचा रंग चोळून काढला. तिसऱ्या ओंजळीला मंजुळाबाईंच्या पदरातले तांदूळ तांबूस झालेले, आणि वर सत्यवतीचे दोन्ही पंजे पांढरे, ठिपक्याठिपक्यांचे.

मग मंजुळाबाई म्हणाल्या, “ह्या काय?”

“काजूचा तेल!” कृष्णनाथ ओरडलाच. “भाजताना उडाला!”

“आमची काजूची बाग असा, व्याही,” मंजुळाबाई म्हणाल्या. “तेल लागला तर चामडी काळी पडता. आणि दोनय हातांक मापून उडणारा तेल मी अजून बघूक नाय.” त्यांनी सत्यवतीकडे बघितलं. “कोड असा?”

ओंजळभर तांदूळ हातात घेऊन सत्यवती उभी होती. आता लपवायला उरलंच काय होतं? “कोड न्हय,” ती म्हणाली. “कॅन्सर. पायाक झालेलो, आता छातीत पोचलो. औषधान हे डाग येतत.”

कृष्णनाथने डोळे मिटून घेतले. संपलं.

आणि मंजुळाबाईंनी छातीवर हात ठेवून एवढा मोठा सुस्कारा सोडला की पदरातला नारळ हलला. “कॅन्सर! नुसतो कॅन्सर मा? देव पावलो गो बाये! माझ्या काळजाचा पाणी झाला, माका वाटला कोडच. कॅन्सर काय, हल्ली कोणाच्या घरात नाय? माझ्या मोठ्या जावेक झालो, मामाक झालो, आमच्या शेजारी तर घोव-बायल दोघांक झालो. तेका कोण काय म्हणता? कोड म्हणजे पिढ्यानपिढ्यांचा, नातवंडांच्या अंगार उतरता ता.”

सत्यवती बघतच राहिली. जो लपवण्यासाठी एवढी साखरेची, तेलाची, तापाची नाटकं केली, तो या बाईच्या लेखी नुसतो कॅन्सर. आणि ज्याने जीव वाचायचा, त्याची हिला धडकी!

“माका म्हायत होता, आई,” परेश म्हणाला. “गौरवीन पयल्याच भेटीत माका सगळा...” मंजुळाबाईंचा हात त्याच्या गुडघ्यावर आला आणि पोरगा अर्ध्या वाक्यात गप्प झाला. सत्यवतीने तो हात बघितला. तिला तो हात कुठेतरी भेटलेला वाटला.

देवाची आण घातलेली पोर डोळे चुकवत कृष्णनाथच्या मागे उभी होती. पण आता रागावायला फुरसत कोणाला?

“फक्त एक करा,” मंजुळाबाई पुढे सरून समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “लोक काय, बघतले आणि कोडच म्हणतले. कोणाकोणाक सांगत बसायचा? लग्नात फोटो असतत, व्हिडिओ असता, कन्यादानाक हात सगळ्यांपुढे येतत. औषधान येतत मा डाग? मग लग्न होयसर औषध थांबवा. मागीर घेवा की. औषध खंय पळान जाता?”

“थांबवलाच असा!” कृष्णनाथ आनंदाने उसळला. बुडत्याला काडी सापडली होती. “दोन खेपा घेवकच नाय! आता जातलेच डाग.”

“काय?” गौरवी म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नाही. पण लहानपणी कोणी मागून येऊन भिववलं की जशी पांढरीफटक व्हायची तशी झाली. “आई, तू औषध घेतलंच नाहीस? तारीख पुढे गेली म्हणालीस ना? माझ्यासाठी? माझ्या फोटोसाठी तू मरायला निघालीस?”

सत्यवतीने तोंड उघडलं. आणि तेवढ्यात, सवयच ती, कृष्णनाथचा हात पुढे आला आणि तिच्या मनगटावर बसला. “अगो, मुलीची...”

“हात काढा,” सत्यवती म्हणाली.

“अगो...”

“हात काढा म्हणतंय ना! दोतोरणीन काय सांगल्यान ता ऐकलास मा? हातमोजो घातलंय मी. तुमचो हात माका लागणा नाय.”

आणि मग ती बोलली. कित्येक वर्षांचं बसवून ठेवलेलं बोलणं ते. कृष्णनाथला बोलली, देवाच्या पाकळीला बोलली, साखरेच्या नावाने ताटातून उचललेल्या एकेका पातोळीसाठी बोलली. मग मंजुळाबाईंकडे वळली. “विहीणबाई, तुमचा मन चांगला, मी नाव ठेवणा नाय. पण आयका. ह्या डागांत माझो जीव असा. एकेक डाग म्हणजे माझो एकेक शिपाय उठलेलो. कन्यादान ह्याच हातांनी होतला, नायतर दुसरी सून बघा. माझ्या चेडवाक फोटोत आवय नसली तरी चलात, घरात होई.”

असं म्हणून तिने हातात धरलेली तिसरी ओंजळ मंजुळाबाईंच्या पदरात टाकली, मग चौथी, मग पाचवी. ओटी पुरी झाली.

मंजुळाबाई ताडकन उठल्या. चेहरा लालबुंद. पदर झटकून चालतं व्हायचं त्यांच्या मनात होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण भरली ओटी झटकता येते का? सवाष्णीने घेतलेली ओटी टाकली तर घरावर काय येईल ते देवच जाणे, असं त्यांच्या सासूने, आणि तिच्या सासूने, सांगून ठेवलेलं. ज्या बाईला कोडाची भीती, तिला ओटीची त्याहून जास्त. त्या पदराचं टोक धरून तशाच उभ्या राहिल्या. टाकवेना आणि ठेववेना.

“आई, खोचून घे,” परेश हळूच म्हणाला.

त्यांनी खोचून घेतली. जाताना कोणाशी बोलल्या नाहीत, पण तांबूस तांदूळ मात्र सांडू न देता गाडीत नेले. ओटीचे तांदूळ शिजवून घरच्यांनीच खायचे असतात. चार दिवसांनी परेशचा फोन आला की आईने खीर केली, नाक मुरडून केली, पण सगळ्यांना वाढली. सोयरीक काही मोडली नाही.

पण ते नंतरचं. दुसऱ्याच दिवशी गौरवीने दोघांना गाडीत घालून इस्पितळात नेलं. डॉक्टर रेश्मा अशी रागावली की वाळपईची असल्याचं पहिल्यांदाच पटलं. मग तिने सत्यवतीचे हात जवळ घेतले, बाही वर सरकवली, आणि कोपराजवळच्या डागावर येऊन थांबली. पांढऱ्या डागात कडेने बारीक बारीक काळे ठिपके उठले होते. गेल्या खेपेला ते नव्हते.

“डाग भरता!” कृष्णनाथ म्हणाला. सवयीने त्याचा चेहरा उजळला. “बघा, जाता तो!”

डॉक्टरीण त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली. तिचं तोंड बघता बघता कृष्णनाथचं उजळलेलं तोंड हळूहळू विझत गेलं. त्या माणसाला सगळं समजावून सांगितलेलं होतं, त्याने मान डोलावली होती, पण आत उतरलं ते त्या क्षणी.

“म्हणजे शिपाय...” तो म्हणाला. “बसतत?”

“एका डागावरून सांगता येत नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “काही नसेलही. औषध आज सुरू करू, पुढच्या महिन्यात फोटो काढू छातीचा, मग कळेल. पण खोटं कशाला सांगू, काका? डाग वाढलेला बघायला मला जास्त आवडलं असतं.”

सलाइन चढत होती तोवर कृष्णनाथ बायकोच्या शेजारी स्टुलावर बसून राहिला. तिच्या मनगटाला त्याने हात लावला नाही. स्वतःचेच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. सत्यवतीला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता, पण त्या मांडीखालच्या हातांकडे बघून तिला भडभडून आलं.

संध्याकाळी धारगळला पोचले, तर त्याने गाडी घराकडे वळवायला दिली नाही. देवळाशी थांबवली. सोमवार होता, कौलाला माणसं जमलेली. वाड्यावरची झाडून सगळी होती, खोबरेल देणारी शेजारीणसुद्धा. कृष्णनाथ गर्दीतून सरळ पुढे गेला. सत्यवती मागोमाग गेली. हात उघडेच होते, पदर तिने मुद्दामच घेतला नाही.

गुरुदास गुरवाने ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि कृष्णनाथच्या तोंडाशी कान आणला. “मनातलाच मा?”

“नाय,” कृष्णनाथ म्हणाला. “मोठ्यान घाल. माझ्या बायलेक कॅन्सर झालोहा, साखर न्हय. तिच्या अंगार कोड आयलाहा. ता वाढू दे, असा गाराणा घाल.”

गुरुदास बिचारा गोंधळला. आयुष्यभर त्याने गाऱ्हाणी घातली, कोड जाऊ दे म्हणून घातली, असलं कधी नाही. “कमी होऊ दे, असा म्हणाचा असा मा रे तुका?”

“वाढू दे!” कृष्णनाथ ओरडला, आणि ओरडता ओरडता लहान पोरासारखा रडायला लागला. “हातार वाढू दे, तोंडार वाढू दे, भुवयो पांढऱ्या होऊ देत, साऱ्या अंगार येऊ दे! घाल गाराणा!”

गुरुदासने एकदा सत्यवतीकडे बघितलं. तिने मान हलवली. मग त्याने हात जोडले आणि नेहमीच्या खड्या आवाजात सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उभा रवलाहा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” वाडा सवयीने म्हणाला.

“तेच्या घरकान्नीच्या अंगार जा कोड आयलाहा... ता...” गुरुदास अडखळला, “ता वाढू दे म्हाराजा!”

कोणी हूं की चूं केलं नाही. सत्यवती हात जोडून उभी होती. समईच्या उजेडात तिचे हात होते तसे दिसत होते, पांढरे आणि काळे, आणि सगळे बघत होते. एवढ्या लोकांपुढे इतकी घाबरलेली ती आयुष्यात कधी नव्हती. शेजारणीने तिच्या हातांकडे बघितलं, मग भुवईकडे बघितलं, आणि पहिल्यांदा तीच म्हणाली, हळू आवाजात, “व्हय म्हाराजा.”

मग सगळा वाडा म्हणाला.